बोंबलाचा मऊपणा

६ जानेवारी २०२५, सोमवार. संध्या. ७.१०

आज तीन वेळा अंघोळ केली. तरी डाव्या करंगळीला वास आहे. लॅबच्या वहीत वासासाठी रकाना नाही, म्हणून ही दुसरी वही. ही कुणी वाचायची नाही. मीसुद्धा शक्यतो नाही.

पीएचडीचं पहिलं दीड वर्ष जेलवर गेलं. जेल छान असतं. पारदर्शक, गार, आपणच बनवलेलं, कुणाच्या पोटातून न आलेलं. आमच्या इंडेंटर नावाच्या यंत्राला एक लवचिक पट्टी आहे, तिच्या टोकाला केसाहून जरा जाड असा काचेचा मणी. मणी जेलवर अलगद टेकवायचा, थोडा दाबायचा, पट्टी किती वाकली ते बघायचं. त्यावरून त्या जागेचा मऊपणा कळतो : आकडा मोठा तितकी जागा कडक. मग मणी केसभर पुढे सरकवायचा. एका तुकड्यावर अशा शंभर जागा. माझ्याइतके एकसारखे आकडे लॅबमध्ये कुणाचेच येत नाहीत. हे मी नाही, माझ्या गाइड शालन मॅडम म्हणतात. (म्हणाल्या होत्या. मागच्या मार्चमध्ये. एकदा.)

आता जेल बंद, मासा सुरू. बोंबील. सगळ्यात मऊ तोच म्हणून तोच. मणी टेकवून मासा ताजा की शिळा हे कळावं, असं मॅडमना हवंय. उरणच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्यांना रस आहे. मी मॅडमना स्पष्ट सांगितलं की आमच्या घरात कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. त्या म्हणाल्या, फोडायचं नाहीये, मोजायचंय.

२५ फेब्रुवारीला समिती. पास झाले तर सीनियर फेलोशिप आणि पुढची तीन वर्षं. नाही झाले तर नाव कट. मग पनवेलला मावशीच्या क्लासमध्ये आठवीची त्रैराशिकं. मावशीने माझं टेबल ठरवूनही ठेवलंय. खिडकीजवळचं, म्हणे.

संकल्प : किळस ही मनाची अवस्था आहे. ती नोंदवायची आणि बाजूला ठेवायची.

७ जानेवारी, मंगळवार

नोंदवली. बाजूला राहत नाही.

मासे पुरवायची व्यवस्था दिपेशने केली. दिपेश लॅबमधला माझा सीनियर, उरणजवळच्या मोरा कोळीवाड्याचा. त्याची मावशी वेणूबाई रोज सकाळी उरणच्या गाडीने बेलापूरला येते आणि स्टेशनबाहेर पाटी मांडून बसते. मी मास्क लावून, नजर आभाळाकडे ठेवून पिशवी घेतली. पिशवी लॅबपर्यंत टपकत आली. माझ्या सॅकवर, सॅकमधल्या टिपणांवर, उजव्या चपलेवर. पिशवीत काय होतं ते मी पाहिलं नाही. डोळे मिटून चिमट्याने एक भाग उचलला, ब्लेडने चौकोन कापला आणि उरलेलं सगळं पिशवीसकट फ्रीझरच्या तळाशी टाकलं.

आकडे : २.१, ३.४, २.८ किलोपास्कल.

चप्पल फेकून दिली.

८ जानेवारी, बुधवार

कालचे आकडे काढून टाकले. कारण लिहून ठेवते, नाहीतर मनाला लागून राहील : मोजणारी व्यक्ती (मी) घाबरलेली होती, नमुना ओला होता. ओल्या नमुन्यावर विश्वास ठेवू नये.

वेणूबाईंसाठी सहा सूचनांचा कागद टाइप केला, लॅमिनेट केला आणि नेऊन दिला. त्यांनी तो निरखून पाहिला आणि त्याने पाटीवरच्या माश्या हाकलल्या. मग तोंडी सांगितलं. डोकं नको, शेपूट नको, काटा नको, आतलं काहीही नको, आणि मुख्य म्हणजे पाण्याचा एक थेंब टपकता कामा नये. शिवाय तीन वेगळे डबे : एकात आजचा, एकात कालचा, एकात परवाचा. डब्यांवर लाल, पिवळी, निळी चिकटपट्टी मीच लावून दिलीय.

वेणूबाईंनी विचारलं, "म्हंजे पार कोरडा देऊ?"

पार कोरडा, मी म्हटलं.

"बरं बाय. पन मंग चार तास जास्ती लागतील. सून अकराच्या गाडीनं घेऊन येल."

साफ करायला चार तास! किती निगुतीने काम करतात ही माणसं. नीट समजावून सांगितलं की कुणीही ऐकतं. लोक सांगण्यातच कमी पडतात.

१३ जानेवारी, सोमवार

बोंबील हा चपटा मासा आहे.

हे आधी कुणीच का सांगितलं नाही? मी उगाच काहीतरी लिबलिबीत, गिळगिळीत डोळ्यांपुढे आणत होते. डबा उघडला (चिमट्याने, हात लांब करून), तर आत पांढऱ्या, सपाट, कोरड्या पट्ट्या. जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाड. एखाद्या पाकिटात घालून पाठवता येतील अशा. वास आहेच. वासाला इलाज नाही.

वहीत आकृती काढली. लांबी, रुंदी, जाडी. खाली लिहिलं : "बोंबील (चपटा)."

तिन्ही डब्यांतून एकेक चौकोन कापला. लाल १८.१. पिवळा १८.०. निळा १८.२.

तपासलं. परत १८.

१४ जानेवारी, संक्रांत

दिपेशने लॅबच्या मायक्रोवेव्हमध्ये सुकटीचा डबा गरम केला. त्याच मायक्रोवेव्हमध्ये मी दूध गरम करते. दहा मिनिटं जिन्यात जाऊन उभी राहिले. मग सगळ्यांना ईमेल केला, विषय "सामायिक उपकरणांतील गंधप्रदूषण". कुणाचंही नाव घेतलं नाही. "समुद्रोत्पन्न वाळवलेले पदार्थ" एवढंच लिहिलं. मॅडमना कॉपी केला, पारदर्शकतेसाठी.

दिपेशने तिळगूळ घेतला नाही. म्हणाला, "नको ईश्वरी मॅडम, तुमच्या लाडवाला माझा वास लागेल."

'मॅडम'! दोन वर्षं एकमेकांना अरे-तुरे करतोय. माझे आकडे चांगले यायला लागले, त्याचं हे दुखणं असणार.

२१ जानेवारी, मंगळवार

आठ दिवस. चोवीस डबे. दोन हजार चारशे जागा. सगळीकडे १८.

मॅडमना दाखवलं. त्यांनी आलेख मोठा करून पाहिला. म्हणाल्या, याचा अर्थ ताजा काय नि शिळा काय, बोंबलाच्या मऊपणात फरकच पडत नाही? आजवर लोकांनी लिहिलंय त्याच्या अगदी उलट आहे हे. शिवाय लोकांचा आकडा तीनच्या आसपास येतो, तुझा अठरा कसा?

मी म्हटलं, त्यांनी नमुने नीट साफ केले नसणार.

त्या म्हणाल्या, परत बघ. मी परत बघणारच होते.

रात्रीच्या जेवणाला बाबांना सांगितलं. बाबा म्हणजे अरविंद, वजनमापे खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त. त्यांच्या बदल्यांमुळे तिसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. त्यांनीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जप्त केलेल्या तराजूवर. त्यांचा पहिला धडा : आकडा फार गोड आला की पारड्याखाली बघायचं. दुकानदार तिथे लोहचुंबक लावतात.

२२ जानेवारी, बुधवार

यंत्राखाली पाहिलं. एक पेनाचं टोपण, एक मेलेली मुंगी. लोहचुंबक नाही.

निष्कर्ष : आकडा गोड आहे, कारण मोजणारी चोख आहे.

२७ जानेवारी, सोमवार

या शोधाला नाव हवं. आलेख अगदी सपाट आहे. "ईश्वरी पठार" कसं वाटेल? स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं. दुसऱ्या कुणीतरी सुचवायला हवं. मॅडमना अप्रत्यक्ष सुचवून बघावं.

आईने माझे कपडे वेगळ्या बादलीत घालायला सुरुवात केलीय. बादलीवर मार्करने "ई." लिहिलंय. सोसायटीत विचारलं तर ती सांगते, ईश्वरी मेडिकलचं काहीतरी करते.

३० जानेवारी, गुरुवार

बाबांचा दुसरा धडा असा की एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही. माझी आकृती बरोबर आहे का, हे कुणातरी तिऱ्हाईताकडून तपासून घ्यायला हवं होतं. दिपेश बोलत नाही. मॅडम साताऱ्याच्या, मटणावर वाढलेल्या, मासा ताटातसुद्धा घेत नाहीत. वेणूबाईंना विचारणं बरं दिसत नाही, त्या पुरवठादार आहेत.

अभिरामने, म्हणजे धाकट्या भावाने, माझ्या टेबलावरची आकृती पाहिली आणि सहज बोलून गेला, "बोंबील ना? हो, असाच असतो. चपटा, कुरकुरीत."

मी विचारलं, तुला कसं माहीत.

मग त्याच्या तोंडाचा रंग गेला. ऑफिसची मुलं दर शुक्रवारी कळंबोलीच्या एका हॉटेलात जातात. हाही जातो. चार वर्षं. रवा लावलेला बोंबील फ्राय, दोन प्लेट. आपल्याच घरात, आपल्याच ताटांत जेवतो हा! तो हात जोडून म्हणाला, "ताई, आईला नको सांगू, ती मला पण वेगळी बादली देईल."

सांगणार नाही असं वचन दिलं. मोठी बहीण म्हणून वाईट वाटलं, संशोधक म्हणून बरं वाटलं. स्वतंत्र साक्षीदार मिळाला. तोही प्रत्यक्षदर्शी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वेणूबाई रोज विचारतात, कसा होता. मी म्हणते, उत्तम. त्या खूश होतात. आज म्हणाल्या, "तुमची पोरं रोज खातान, नाय कंटालत?" त्यांना वाटतं आम्ही खातो! मी शहारले. समजावून सांगणार होते, पण त्यांच्या पाटीजवळ फार वेळ थांबवत नाही. पाटीच्या मागच्या टोपलीत काहीतरी चकचकीत, लोंबतं, लाळेसारखं होतं. कुठला प्राणी देवाला ठाऊक. बघितलं नाही.

संकल्प : समितीपर्यंत वासाचा उल्लेख करायचा नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

वास आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४

पास!!

तीन जण होते. एकाला दुसऱ्या स्लाइडलाच झोप लागली. दुसऱ्याने फॉन्टचा आकार विचारला. तिसऱ्या बाईंनी (चष्मा, कडक इस्त्रीची साडी) विचारलं की इतरांचा आकडा तीन, तुमचा अठरा, कारण काय. मी ठासून सांगितलं, पूर्वीच्या अभ्यासकांनी नमुन्यांच्या स्वच्छतेकडे पुरेसं लक्ष दिलेलं दिसत नाही. त्यांनी मान डोलवली. शेऱ्यात लिहिलंय : "मापनातील सातत्य उल्लेखनीय."

उल्लेखनीय! बाबांनी तो शब्द दोनदा वाचायला लावला. आईने शिरा केला. बादली मात्र वेगळीच आहे.

मावशीला फोन केला, म्हटलं टेबल दुसऱ्या कुणाला द्या.

शुक्रवारी विज्ञान दिन, लॅब सगळ्यांसाठी खुली. माझं पोस्टर दारातच. मथळा मीच दिला : "बोंबील शिळा होतो का?" खाली मोठी रंगीत आकृती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

साडेअकराला दिपेश मोऱ्याची माणसं घेऊन आला. आई, शेजारी, शाळेची दहाबारा मुलं आणि वेणूबाई. हिरवी नऊवारी, केसांत अबोली. मी पुढे झाले, नमस्कार केला, म्हटलं, बघा वेणूबाई, हे तुमच्याच माशाचं पोस्टर.

त्या पोस्टरजवळ गेल्या. मागे झाल्या. पुन्हा जवळ गेल्या.

"ह्यो कंचा मासा काढलास बाय?"

बोंबील, मी म्हटलं.

"बोंबील?" त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "आगो, बोंबील आसा हाय का? बोंबील गोल असतं, नलकांड्यासारखं. हातात धरलं का घसरतं. हं! ह्यो मी दाबलेला हाय होय!"

आणि मग हसत हसत, शाळेतल्या मुलांना मधे घेऊन, त्यांनी सांगितलं. बोंबलात नुसतं पाणी असतं. तो मधे चिरायचा, काटा काढायचा, उघडून पसरायचा, फडक्यात घालायचा आणि वर पाटा ठेवायचा. चार तास. सगळं पाणी निघून जातं, मग तो तव्याला चिकटत नाही. "ही पोर बोलली, थेंब पन नको. मी बोलले बामनाची पोर हाय, तिला कुठं दाबता येतंय, आपनच दाबून देऊ. रोज दीड महिना देतंय."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, पण तीन डबे, लाल, पिवळा, निळा, आजचा, कालचा, परवाचा...

वेणूबाईंचा चेहरा एकदम कडक झाला. "शिला मासा मी जन्मात कोनाला दिला नाय. परवाचा खाऊन लॅबातली पोरं आजारी परली तर नाव कोनाचं जाईल? तिन्ही डब्यांत ताजाच घातलाय. रोजच्या रोज."

एकच मासा. तीन डबे. एक पाटा.

गर्दी पुढे गेली. दिपेश मागे थांबला. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "मला विचारायचं होतंस. पण माझ्याशी बोलायला तुला ईमेल टाकावा लागला असता."

मग म्हणाला, "मी कुणाला काय सांगणार नाय. तुझं तू बघ."

हे तर त्याहून वाईट.

१ मार्च, शनिवार

सांगायचंच. सोमवारी. पहिलं काम.

वेणूबाईंनी मात्र न सांगता माशावर दगड ठेवायला नको होता.

३ मार्च, सोमवार

मॅडमची दुपारपर्यंत मीटिंग होती. दुपारनंतर त्यांचा चेहरा दमलेला वाटला. दमलेल्या माणसाला वाईट बातमी देणं माणुसकीला धरून नाही.

४ मार्च, मंगळवार

नीट विचार केला. दाबलेला बोंबील हासुद्धा बोंबीलच आहे. अहवालात मी कुठेही "न दाबलेला" असं लिहिलेलं नाही. म्हणजे शब्दशः मी एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही.

अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

५ मार्च, बुधवार

"ताजा, एक दिवसाचा, दोन दिवसांचा" असं मात्र लिहिलेलं आहे. सतरा ठिकाणी. मोजलं.

फ्रीझरच्या तळाशी ७ जानेवारीची पिशवी अजून होती. आज पहिल्यांदा उघडून पाहिली. विरघळू दिली. गोल. लांब. तोंड उघडं, बारीक दात, अंग काचेसारखं. जानेवारीचे तीन आकडे मी काढून टाकले. सगळ्या दीड महिन्यात खरे तेवढेच होते. ओला होता म्हणून काढले. मासा ओला होता म्हणून!

उलटी झाली. माशामुळे की आकड्यांमुळे ते नक्की सांगता येत नाही.

७ मार्च, शुक्रवार

मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. आतून हसण्याचा आवाज आला. फोनवर त्या समितीतल्या बाईंना सांगत होत्या, आमची ईश्वरी, फार काटेकोर मुलगी.

परत आले. हात धुतले. परत धुतले.

९ मार्च, रविवार

बाबांना सांगितलं. स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलावर. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू बाजारात गेली होतीस ना रोज?"

मी म्हटलं, हो, पण टोपलीत पाहिलं नाही. बघवत नव्हतं.

ते म्हणाले, तीस वर्षांत मी शंभर खोटे काटे पकडले, पण मापात काय ठेवलंय ते न बघता आकडा लिहिणारा एकही माणूस मला भेटला नाही.

मग उठून त्यांनी दुधाचं भांडं गॅसवर ठेवलं. आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

१० मार्च, सोमवार. दुपारी २.३०

सांगितलं.

चार पानी पत्र लिहून नेलं होतं. परिशिष्टं दोन. शेवटी राजीनाम्याचा मसुदा, तारखेची जागा रिकामी. मॅडम कॅन्टीनमध्ये उपमा खात होत्या. मी समोर उभं राहून पहिली दोन वाक्यं म्हटली आणि रडायला आलं. त्यांनी पत्र ओढून घेतलं, दीड पान वाचलं, चमचा खाली ठेवला.

"तू अख्खा मासा कधी पाहिलाच नव्हतास?"

नाही, मी म्हटलं.

त्या हळू म्हणाल्या, "मी पण नाही गं. मला वाटलं, कोकणातली आहेस, तुला माहीत असेल."

आमचं मूळ गाव चिपळूणजवळ आहे. पण आमच्या आळीत...असो.

त्यांनी राजीनाम्याचा मसुदा फाडला. मला हलकं वाटलं. मग त्या म्हणाल्या, समितीला आज मी कळवते, आणि तू पास झालीस हे आता विसर.

१३ मार्च, गुरुवार

निकाल आला. सीनियर फेलोशिप ३० जूनपर्यंत रोखून धरली. नव्या आकड्यांवर फेरपरीक्षा. समितीतल्या बाईंनी मॅडमना सांगितलं, मला अठरा आकडा वाचूनच शंका आली होती, पण मुलगी इतक्या ठामपणे बोलली की मला माझीच लाज वाटली.

अहवालाचं नाव बदललं. आता विषय : दाबण्याचा कालावधी आणि बोंबलाचा स्थानिक मऊपणा. एक तास, दोन तास, चार तास, सहा तास. मॅडम म्हणाल्या, कोल्ड स्टोरेजवाल्यांना यात काही रस नाही, पण फ्रोझन फूडवाल्यांना असेल. रोज किळस करत मोजलंस ते अगदीच वाया जाणार नाही, त्याला "चार तास" या रकान्यात टाकू.

माझं पठार आता एका रकान्यात बसलं.

मावशीने टेबल अजून कुणाला दिलेलं नाही. तिला माझा स्वभाव माहीत आहे, म्हणे.

१८ मार्च, मंगळवार

अट अशी आहे की नमुने मी स्वतः तयार करायचे. तसं लेखी आहे. "संशोधकाने स्वहस्ते."

दिपेशला विचारलं, मावशी शिकवतील का. तो म्हणाला, विचारतो. थोड्या वेळाने म्हणाला, "मोऱ्याला ये, शनिवारी, सहाला. जुने कपडे घाल, ईश्वरी." मॅडम म्हणाला नाही.

संकल्प : शनिवारी एकदाही नाक दाबायचं नाही. मन लावून शिकायचं. वेणूबाई चाळीस वर्षं करतायत ते मी एका सकाळीत आत्मसात करू शकते. शेवटी हे दाबाचंच काम आहे आणि दाब हा माझा विषय आहे.

२२ मार्च, शनिवार

मोरा. सकाळी सहा. ओटा ओला, वर माश्या, खाली मांजरं. टोपली अख्खी जिवंतासारखी हलत होती. चिरला. हातातून तीनदा घसरला. आतलं काढलं. त्याचं वर्णन लिहिणार नाही. वहीचा कागद खराब होईल.

वेणूबाई म्हणाल्या, बोटं आखडू नको, त्याला चावा नाय आता. मी चिरलेला तुकडा त्यांनी उचलून शेजारणीला दाखवला. "ह्या बग, पोरीनं बोंबील शिवलाय का फारलाय." दोघी खूप हसल्या. मग वेणूबाईंनी माझं मनगट धरून पाती कशी फिरवायची ते दाखवलं. त्यांचा हात गार आणि खरखरीत. मला किळस आली नाही, असं लिहायचं होतं. आली.

सहा त्यांनी दाबले, सहा मी. एकाच टोपलीतले. एकाच पाट्याखाली, आळीपाळीने, चार-चार तास. मी घड्याळ लावलं. वेणूबाईंनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. मधेच पाटा उचलायच्या, फडकं फिरवायच्या, परत ठेवायच्या. कधी फिरवायचं हे कसं कळतं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कलतं."

२४ मार्च, सोमवार. संध्या. ६

वेणूबाईंचे सहा : १८.१, १७.९, १८.०, १८.२, १८.०, १८.१.

माझे सहा : ६, ३१, ११, २४, ४.५, फाटला.

यंत्र तपासलं. मणी बदलला. पट्टी बदलली. जेलच्या तुकड्यावर टेकवून पाहिलं. परत तपासलं.

यंत्र बरोबर आहे.